दोर किती धरलाय?

४ नोव्हेंबर

प्रिय आत्या,

आधी बातमी, मग रडगाणं. बातमी ही की मनगटाचं प्लॅस्टर निघालं. आतून हात एवढासा निघालाय, दुसऱ्या कुणाचा तरी आणून बसवल्यासारखा. रडगाणं हे की माझी अ‍ॅक्सल हरवली.

तू म्हणशील, उडी म्हणजे काय छत्री आहे हरवायला? पण इथे सगळे असंच म्हणतात. तेराव्या वर्षी मला ती येत होती. मग मी ताडमाड वाढले, मग पडले, मग हात मोडला, आणि आता स्केट्स घालून बर्फावर परत उभी राहिले तर ती नाहीच. सगळं कपाट उपसून झालं.

तुला नीट सांगते म्हणजे कळेल. बाकीच्या उड्यांत पाठमोरं सरकत येऊन सुटायचं असतं. अ‍ॅक्सल एकटीच तोंड पुढे करून सुटते. हवेत दीड गिरकी घ्यायची आणि पाठमोरं एका पायावर उतरायचं. पुढे बघत सुटायचं म्हणजे सोपं असेल, असं तुला वाटेल. उलट आहे गं. आपण कुठे आपटणार ते समोर दिसत असतं. मी वर जाते, हात छातीशी घेते, आणि अर्ध्यावर हात आपोआप पसरतात, पाय सुटा होतो. आमच्या स्केटिंगच्या बाई याला 'उघडणं' म्हणतात. उघडलं की गिरकी संपली.

म्हणून बाईंनी मला परत पट्ट्यावर घेतलंय, लहान मुलींसारखं. कमरेला पट्टा, पट्ट्याला दोर, दोर एका लांब दांडीला आणि दांडी बाईंच्या हातात. त्या दांडी घेऊन माझ्या बाजूने सरकत येतात आणि मी उडाले की वरून सावरतात. माझ्या खोलीतली डॉक्टर (सगळ्यांच्या पायांना पट्ट्या बांधते म्हणून डॉक्टर) म्हणाली, "आज मासा बराच मोठा लागलाय बाईंना."

फेब्रुवारीत परीक्षा आहे. अ‍ॅक्सल पट्ट्याशिवाय उतरली तर मी वरच्या गटात जाईन आणि वसतिगृहातली जागा राहील. नाही उतरली तर सामान बांधायचं. बाबांना इतक्यात सांगू नकोस. आणि फोन करू नकोस, मेट्रन शेजारी बसून सगळं ऐकते आणि मध्येमध्ये उत्तरंही देते.

तुझी
भिंगरी


११ नोव्हेंबर

माझ्या भिंगरे,

तुझं पत्र खिडकीत उभं राहून वाचलं, कारण चष्मा आत होता आणि आत जाण्याइतका धीर नव्हता. हाताला रोज कोमट तेल लाव. डॉक्टरला सांग, आत्याने सांगितलंय.

बाबाला सांगितलेलं नाही. पण तो काही खुळा नाही. काल जेवताना म्हणाला, "मला आलेल्या तिच्या पत्रात हाताबद्दल चार ओळी आणि उडीबद्दल एकही नाही." मी म्हटलं, "अरे, हात महत्त्वाचा." तो म्हणाला, "मुलगी सोळा वर्षांची आहे. सुखाने घरी येऊन शाळा पूर्ण केली तर बिघडलं कुठे?" मी भाजीत मीठ आहे का विचारलं.

तू उघडतेस म्हणतेस, ते मला समजलं. आमच्या शाळेत मी तीस-एक वर्षं नाटकं बसवली, आणि त्याआधी त्याच शाळेत, त्याच रंगमंचावर, मुलगी म्हणून उभी राहिले. तेव्हा नाटक बसवणाऱ्या आमच्या सिस्टर उंच होत्या. विंगेत वही घेऊन उभ्या राहायच्या आणि आम्ही अडखळलो की पुढचा शब्द कुजबुजायच्या. त्यांच्या पांढऱ्या झग्याची एक कड तेवढी दिसायची. ती कड दिसली की अख्खं भाषण घडाघडा आठवायचं. एकदा नाटक संपल्यावर मी त्यांना म्हटलं, "सिस्टर, तुम्ही होतात म्हणून." त्या हसल्या आणि म्हणाल्या, "मी तर दुसऱ्या अंकात घंटा वाजवायला गेले होते. तिथे खुर्चीवर माझी पांढरी शाल होती." मला किती आनंद झाला होता! पुढे मी बाई झाले तेव्हा मीही तेच करायचे. वही घेऊन उभी राहायचे आणि हळूच निघून जायचे. पोरी कधी अडल्या नाहीत.

तेव्हा घाबरू नकोस. तुझ्यात ते आहेच, फक्त तुला ठाऊक नाही. तुझ्या बाईंचा पत्ता कळव. हाताबद्दल त्यांना दोन ओळी लिहीन म्हणते.

तुझी
आत्या


२६ नोव्हेंबर

प्रिय आत्या,

पत्ता मागे लिहिलाय. पण बाईंना उगाच लाडाचं लिहू नकोस हं, त्या पत्र वाचून फळ्यावर लावतील.

पट्टा लावून माझी अ‍ॅक्सल सुंदर होते. खरंच. परवा डॉक्टरही गप्प बसली. आणि पट्टा काढला की मी तीच, उघडणारी. बाई प्रत्येक उडीआधी मोठ्याने सांगतात दोर किती धरलाय ते. "भरून!" म्हणजे पूर्ण. "अर्धा!" म्हणजे अर्धा. "नुसता!" म्हणजे दोर आहे, पण त्या ओढणार नाहीत. आख्ख्या रिंकवर ऐकू जातं. 'अर्धा'पर्यंत मी ठीक असते. 'नुसता' ऐकलं की माझे हात पसरतात.

मी एकदा म्हटलं, "बाई, तुम्ही सांगितलंच नाहीत तर?"

त्या म्हणाल्या, "मग मी कशाला? दांडी भिंतीला लावून ठेवते." आणि गमबूट आपटत रबराच्या पट्टीवरून निघून गेल्या. त्यांना राग येतो तेव्हा त्या स्केट्स काढून गमबूट घालतात, असं सगळ्यांचं म्हणणं आहे.

नवे स्केट्स छान आहेत. पातं अजून करकरीत आहे, पाऊल टेकलं की दाणकन धरतं. बर्फ सकाळी निळा दिसतो आणि दुपारी खरवडलेल्या पाटीसारखा.

भिंगरी


३ डिसेंबर

आदरणीय बाईंना, सविनय नमस्कार.

मी भिंगरीची आत्या. तिची आई गेली तेव्हा ती पाच वर्षांची होती, तेव्हापासून तिचं सगळं मीच पाहिलं. आपण तिच्यासाठी जे कष्ट घेता त्याबद्दल आभार मानावे तेवढे थोडेच.

एक सुचवू का? मला बर्फातलं काही कळत नाही, पण मी आयुष्यभर मुलींना रंगमंचावर ढकललं आहे. भिंगरीला उडी येते, हे तिच्या पत्रांवरून मला स्पष्ट दिसतं. तिला भीती फक्त त्या 'नुसता' या शब्दाची आहे. तेव्हा आपण एकदा 'भरून' म्हणावं आणि दोर मोकळा सोडावा. ती उतरली की मग सांगावं, "बघ, ही तुझी तू केलीस." एकदा असं झालं की तिचा स्वतःवर विश्वास बसेल.

हे तिला कळू न देण्याची विनंती आहे.

आपली नम्र,
भिंगरीची आत्या


१० डिसेंबर

भिंगरीच्या आत्यांना नमस्कार.

पत्र मिळालं. मला लिहिण्याची सवय नाही, तेव्हा सरळ लिहिते.

तुम्ही म्हणता तसं मी करणार नाही. नाटकात मुलगी अडली तर लोक हसतील. इथे ती माझ्यावर भार टाकून उडते. मी 'भरून' म्हटलं की तिचं अंग दोराच्या बाजूला जातं, आणि ते तिच्याही लक्षात येत नाही. त्या क्षणी दोर नसेल तर ती कमरेच्या उंचीवरून आडवी येईल, आणि खाली तेच मनगट असेल.

दुसरं, समजा ती उतरलीच. मग मी तिला सांगितलं की मी खोटं बोलले. दुसऱ्या दिवशी मी 'भरून' म्हणेन तेव्हा ती काय ऐकेल? फसवलेलं मूल उडताना मान वळवून दोराकडे बघतं. मी अशा मुली पाहिल्या आहेत. त्यांना मग कुणीच शिकवू शकत नाही.

दोराबद्दल मी मुलींपासून काही लपवत नाही. म्हणून तुमचं पत्र मी तिला दाखवलं आहे. तुम्हाला राग येईल, पण न दाखवता तिची दांडी धरणं मला जमलं नसतं.

तुमचा जीव तिच्यावर आहे, हे मला कळलं. हात बरा आहे. तेल लावते.

भिंगरीच्या बाई


१२ डिसेंबर

आत्या,

तू असं का केलंस?

पत्र वाचलं तेव्हा मी पट्टा बांधून उभी होते. मी बाईंना विचारलं, "तुम्ही असं केलंयत का कधी?" त्या म्हणाल्या, "नाही." आणि आत्या, मला ते खरं वाटलं नाही! चार वर्षांत पहिल्यांदा मला बाईंचं बोलणं खरं वाटलं नाही. मी सुटले आणि हवेत मान वर करून दोर शोधला. मग काय व्हायचं ते झालं. हाताला काही नाही, गुडघा काळानिळा आहे.

आता मला हेही कळत नाही की पट्ट्यावरच्या त्या सुंदर उड्या माझ्या होत्या की बाईंच्या.

आणि एक विचारायचंय. चौथीतल्या नाटकात मी शिपाई होते. तू विंगेत उभी होतीस, वही घेऊन. मी तुझ्याकडे बघून बोलले सगळं. तू होतीस ना तिथे? की शाल होती?

भिंगरी


१८ डिसेंबर

भिंगरे,

होते.

शपथेवर सांगते, सगळा वेळ होते. बाकीच्या मुलींना सोडून मी निघून जायचे, चहा घ्यायचे, पडदा ओढणाऱ्या माणसाशी गप्पा मारायचे. तुला सोडून एक पाऊल हलले नाही. तुझं प्रत्येक वाक्य मी ओठातल्या ओठात तुझ्याआधी म्हणत होते. तुला त्याची एकदाही गरज लागली नाही. मला लागत होती.

तुझ्या बाईंचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. पहिल्यांदा मला फार राग आला. कोण कुठची बाई मला शिकवते, असं झालं. मग लक्षात आलं की दुसऱ्यांच्या लेकी अडखळतील याचं मला कधी भय वाटलं नव्हतं, म्हणून मी खुशाल निघून जाऊ शकले. आणि तुझ्या बाबतीत ते मला जमलं नाही, तर तेच काम मी तुझ्या बाईंवर ढकलत होते. तेही खोटं बोलून.

बाईंचं खरं मान. त्यांनी मला दुखवलं, पण तुझ्याशी खोटं बोलल्या नाहीत. तेवढं मला करता आलं नाही.

गुडघ्याला काय लावलंस ते कळव. बाबाला मी सगळं सांगितलं, परीक्षेचंही. तो रागावला नाही. "मग मी काय करू?" असं म्हणाला आणि तुझे जुने स्केट्स काढून पुसत बसला. ते आता कुणाच्याच पायाला येणार नाहीत हे त्याला माहीत आहे.

आत्या


९ जानेवारी

भिंगरे,

तीन आठवडे झाले, तुझं पत्र नाही. रागावली असशील तर रागाचंच लिही. कोरा कागद पाकिटात घालून पाठवलास तरी चालेल, पाकिटावर तुझं अक्षर असेल.

मी मेट्रनला फोन केलेला नाही. दोनदा आकडे फिरवले आणि ठेवून दिला.

आत्या


२० जानेवारी

प्रिय आत्या,

रागावले होते, मग राग गेला, मग लिहायला लाज वाटली, मग सांगण्यासारखं काही झालं. आता ऐक.

डिसेंबरभर मी पट्ट्यावरही उघडत होते. शेवटी मी म्हटलं, "बाई, माझं नाव काढून टाका परीक्षेतून." त्या म्हणाल्या, "काढते. आधी एक काम कर." आणि त्यांनी लिंबूला बोलावलं. लिंबू म्हणजे सात वर्षांची, गोल टोपी, पिवळा स्वेटर, लुकडी, एका ठिकाणी उभी म्हणून राहत नाही. तिची सगळ्यात छोटी उडी चालली आहे, अर्ध्या गिरकीची. बाईंनी तिला पट्टा बांधला आणि दांडी माझ्या हातात दिली. स्वतःचा एक हात दांडीला, माझ्या हाताच्या मागे.

मी म्हटलं, "मला नाही जमणार, ती पडेल."

लिंबू म्हणाली, "ताई, किती धरलाय ते ओरडून सांग हं. बाईंसारखं. हळू सांगितलंस तर मी उडणार नाही."

मी ओरडले, "भरून!" माझा आवाज चिरकला, सगळे हसले. लिंबू उडाली आणि आत्या, दोर ढिला पडला! मी घाबरले. मला वाटलं काही तरी सुटलं. ती उतरली आणि पुढे सरकत गेली. मी बाईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "परत."

परत तसंच. नीट सुटली की दोरात काही नसायचंच. ती कलायची तेव्हाच माझ्या हाताला ओढ लागायची, तीही चिमटीभर. पाच-सहा उड्यांनंतर मी 'अर्धा' म्हणाले, मग 'नुसता' म्हणाले. हाताला काही फरक कळेना! म्हणजे मी 'भरून' धरलं होतं, पण धरायला काही नव्हतं.

मग मी बाईंना विचारलं, "माझ्या उडीला दोर कसा असतो?" भीत भीतच विचारलं, कारण त्या खरं सांगणार हे आता मला परत पटलं होतं.

त्या म्हणाल्या, "हवेत ढिला. पहिल्या दिवसापासून."

"मग?"

"सुटायच्या आधी घट्ट. तू बर्फावर असतानाच माझ्यावर रेलतेस. पाय उचलण्याआधी. उडाल्यावर मला काही काम नसतं."

मी म्हटलं, "मग हे आधी का नाही सांगितलंत?"

"दहा वेळा सांगितलं. तुला वाटलं, मी धीर द्यायला बोलतेय."

आत्या, खरंच सांगितलं होतं त्यांनी. मला आठवतं. कुणी आपल्याला चांगलं म्हटलं की ते आपल्याला बरं वाटावं म्हणून म्हणतात, असं मला वाटतं. ढिला दोर हाताला कळला तेव्हाच पटलं.

तेव्हापासून मी फक्त सुटण्याचं करतेय. परवापर्यंत तर उडालेच नाही. डाव्या पायावर उभं राहायचं, सरळ, कुणावर न रेलता, आणि मग जायचं. कंटाळवाणं आहे. कालपासून पट्ट्याशिवाय उडते. पडते. प्रत्येक उडीत पडते. पण बंद राहून पडते! गिरकी पूर्ण होते आणि मग मी पडते. डॉक्टर म्हणते, "पडण्यात तू आता वरच्या गटाची झालीस."

परीक्षा चौदा फेब्रुवारीला आहे. एक मागू? तू येऊ नकोस. तू येशील आणि कठड्याला धरून उभी राहशील आणि माझ्याआधी श्वास घेशील. मला दिसेल ते. रागाने नाही म्हणत गं.

तुझी
भिंगरी


२८ जानेवारी

भिंगरे,

येत नाही.

हे दोन शब्द लिहायला मला सकाळपासून आत्तापर्यंत लागलं. तिकिटाची चौकशी मी आधीच केली होती, ते आता सांगून टाकते.

बाबाला म्हटलं, तू जा हवं तर. तो म्हणाला, "तिने तुला नको म्हटलंय. मला विचारलंही नाही. म्हणजे मलाही नकोच." चेहरा पडला होता, पण समजून होता. चौदा तारखेला आम्ही दोघं काय करणार आहोत देव जाणे. बाबा म्हणतो, माळा आवरू.

लिंबूला माझा पापा दे. तिला म्हणावं, भिंगरीच्या आत्याने टोपी विणायला घेतली आहे, डोक्याचं माप पाठव.

तुझी
आत्या


१५ फेब्रुवारी

प्रिय आत्या, प्रिय बाबा,

मेट्रनने फोन करू दिला नसता असं नाही, पण मला हे लिहायचं होतं.

काल रिंकवर हीटर बंद होते, परीक्षक तीन, तिघांच्या मांडीवर चादरी. मधल्या बाईंना सर्दी झाली होती. प्रत्येकीला अ‍ॅक्सलच्या दोन संधी. माझ्याआधीच्या मुलीची पहिल्याच फटक्यात उतरली, आणि मला तिचा हेवा वाटला, अगदी खरा हेवा.

बाई कठड्याशी होत्या. दांडी नव्हती. त्यांचे हात कोटाच्या खिशात होते, ते मी पाहिलं. त्यांनी विचारलं, "काय वाटतंय?"

मी म्हटलं, "पडेन असं वाटतंय."

"पडशील कदाचित. तोवर बंद राहा."

पहिल्या उडीत पडले. जोरात. पण पूर्ण फिरून पडले. बर्फावर बसल्या बसल्या मला हसू आलं, तर सर्दीवाल्या बाई उठून उभ्या राहिल्या, त्यांना वाटलं डोक्याला लागलं.

मग परत गेले. सुटायच्या आधी, डाव्या पायावर असताना, मी थांबले. म्हणजे सरकत होते, पण आतून थांबले. कुणाकडेच रेलायचं नव्हतं आणि मी रेलत नव्हते, ते मला कळलं. मग वर गेले. वर काय झालं ते आठवत नाही. उतरले तेव्हा सुटा पाय मागे घोड्याच्या शेपटीसारखा थरथरत होता, हात वेडेवाकडे, अजिबात सुंदर नव्हतं. पण एका पायावर, पाठमोरी, उभी. उभीच!

बाईंनी खिशातून हात काढले आणि नाक पुसलं. म्हणाल्या, "सुटा पाय वाईट." संध्याकाळी यादीत माझं नाव वरच्या गटात होतं.

आता जे लिहायला हे पत्र लिहितेय ते. वरच्या गटाची उन्हाळ्यात सुट्टी नसते. म्हणजे मी मे महिन्यात येणार नाही. पुढच्या वर्षीही बहुतेक नाही. मला यादी बघून खूप आनंद झाला आणि लगेच हे आठवलं, आणि मग मी स्वच्छतागृहात जाऊन रडले. डॉक्टर बाहेर उभी राहून म्हणाली, "पास झालेल्यांनी रडायची रांग वेगळी आहे."

तुमची
भिंगरी


२३ फेब्रुवारी

माझ्या भिंगरे,

पत्र आलं तेव्हा बाबा कामावर जायला निघत होता. मी दारातच फोडलं. "उतरली," म्हटलं. त्याने डबा परत ओट्यावर ठेवला आणि पत्र घेऊन खुर्चीत बसला. त्या दिवशी तो उशिरा गेला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

वाचून झाल्यावर पत्राची घडी घातली. मग म्हणाला, "म्हणजे ती तिथेच राहणार."

मी म्हटलं, "हो."

"दोन वर्षं."

"हो रे."

मी पाठ फिरवून भांडी लावत होते, कारण त्याच्याकडे पाहिलं असतं तर आम्ही दोघं उघडलो असतो. मला आनंद झालाय, भिंगरे. असा आनंद झालाय की काल बाजारात अनोळखी बाईला थांबवून सांगितलं. आणि घर फार मोठं वाटतंय. दोन्ही खरं आहे. त्यातलं एक तुझ्यापासून लपवावं असं मनात आलं होतं, पण तुझ्या बाईंची आठवण झाली.

बाबा निघताना दारातून परत फिरला. म्हणाला, "तिने लिहिलंय पहिल्या उडीत पडली, जोरात पडली. कुठे लागलं ते लिहिलेलंच नाही."

मी पत्र पुन्हा पाहिलं. खरंच नाही लिहिलंस.

कुठे लागलं, ते लिही.

तुझी
आत्या